नुसते वडगाव

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, शाळेतली पाटी नव्हे. त्या पाटीवर चुकले तर पुसता येते. मी बसची पाटी आहे, पत्र्याची. पूर्वी शहरातल्या बसच्या दाराशेजारी, खिडकीखाली, दोन हुकांना आम्हाला अडकवलेले असे. बस कुठे जाणार ते आम्ही सांगायचो. आज माझ्यावर एकच शब्द उरला आहे : वडगाव. त्याच्या पुढे आणखी एक शब्द होता. तो गेला, आणि तो गेल्यामुळे काय घडले ते तुम्हाला सांगावे म्हणून मी बोलते आहे. बाकी माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखे फारसे काही नाही.

छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी आगाराच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. मोडीत निघालेल्या एका बसचा पत्रा कापून मला तयार केले, कडा घासल्या आणि पिवळा रंग दिला. तो वाळल्यावर यज्ञेश्वर नावाचे रंगारी माझ्यासमोर स्टूल टाकून बसले. ते नारायण पेठेत राहायचे, सायकलवरून यायचे. बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते ऐकून समोरच्याचा चेहरा उतरायचा. त्यांनी माझ्यावर काळ्या रंगात लिहिले, 'वडगाव शेरी'. 'शे'ची मात्रा पत्र्याच्या कडेला टेकली, तेव्हा त्यांनी तो अख्खा शब्द टर्पेंटाइनने पुसला आणि पुन्हा लिहिला.

शेजारी काम करणारा संजय नावाचा फिटर हसला. म्हणाला, "अहो, नुसतं वडगाव लिहिलं असतंत तर एव्हाना चहा झाला असता."

यज्ञेश्वरांनी मान वर न करता विचारले, "तुम्हाला गावाहून पत्र येतं?"

"येतं की."

"त्यावर नुसतं 'संजय, पुणे' लिहायला सांगा. बघा, मिळतंय का."

मग कुंचला पुसता पुसता त्यांनीच वडगावे मोजून दाखवली. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक, त्याच्याजवळ वडगाव खुर्द. नगर रस्त्याच्या अंगाला वडगाव शेरी. लोहगावच्या पलीकडे वडगाव शिंदे. शिवाय मावळातले वडगाव वेगळेच. "वड दिसला की माणसं वडगाव म्हणून मोकळी झाली," ते म्हणाले. "म्हणून तर पुढचा शब्द लागतो. तो शोभेसाठी नसतो."

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. माझी अक्षरे रस्त्याच्या पलीकडून वाचता येत.

पुणे स्टेशनहून वडगाव शेरीला जाणाऱ्या बसवर माझी नेमणूक झाली. त्या बसचे कंडक्टर होते महिपती. ते मूळचे वडगाव शेरीचेच, शेतकरी घरातले. त्या काळी बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवडा मागे पडला की पुढे मोकळी शेते दिसू लागत. सकाळच्या फेरीत मेथीच्या जुड्या असत, दुधाचे भरलेले कॅन असत, कॉलेजला जाणाऱ्या गावातल्या पहिल्यावहिल्या मुली असत. महिपती प्रत्येकाला नावाने ओळखत. नवा चेहरा दिसला की ते दारातच उभे राहून माझ्यावर बोट ठेवत आणि मोठ्याने सांगत, "शेरीची गाडी हाय ही! बुद्रुकवाले असाल तर आत्ताच उतरा, न्हाईतर माझ्याच घरी जेवाय यावं लागंल!"

लोक हसत. आठवड्यातून एखादा तरी माणूस ओशाळून खाली उतरे आणि समोरच्या बसकडे पळे. एकदा तर सिंहगड रस्त्याकडची वऱ्हाडाची मंडळीच चढली होती. महिपतींनी त्यांना नवरदेवासकट उतरवले आणि योग्य बसमध्ये नेऊन बसवले. असे दिवस होते. मी लिहिलेले सांगत होते आणि महिपती ते बोलून दाखवत होते.

नंतर नव्या बांधणीच्या बस आल्या. त्यांच्या हुकांमधले अंतर कमी होते. जुन्या पाट्या बसेनात. वरून हुकूम आला, की पाट्या कापून लहान करा. यज्ञेश्वर निवृत्तीला आले होते. मला हातात घेऊन ते साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, कापायची तर पुसून दोन्ही शब्द बारीक लिहितो. दोन दिवस द्या."

"दोन दिवस नाहीत. 'वडगाव' राहू द्या, पुढचं काढा. नगर रस्त्याने जाणारी बस कुठल्या वडगावला जाते, हे लोकांना कळतं. लोक काही खुळे नाहीत."

"बाहेरगावचा माणूस आला तर?"

"तो कंडक्टरला विचारेल. आपण आपलं काम करा."

यज्ञेश्वरांनी मला टेबलावर ठेवले. "हे काम माझ्या हातून व्हायचं नाही," एवढेच म्हणून ते बाहेर पडले. मग संजयने मला शिकंज्यात धरून कापले. पत्रा कापतानाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. कापून पडलेला 'शेरी'चा तुकडा पुढे कित्येक दिवस कार्यशाळेतल्या डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली होता.

महिपती होते तोवर माझे अपंगत्व कोणाच्या लक्षातही आले नाही. ते ओरडून सांगतच होते. पण तेही एक दिवस निवृत्त झाले. गळ्यात हार घातलेले महिपती बसमधून उतरले आणि त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. पुढच्या कंडक्टरला सवड नव्हती. गर्दी वाढली होती, शेते संपून इमारती झाल्या होत्या. काही काळाने बसच्या कपाळावर दिव्यांच्या अक्षरांच्या पाट्या आल्या. आम्हा पत्र्याच्या पाट्यांना दोरीने बांधून भांडाराच्या खोलीत टाकले. माझ्यावर बोपोडी होती, माझ्याखाली कात्रज. दोघींची नावे पूर्ण होती. तिथे मी पंधरा-सोळा वर्षे धूळ खात पडले. तुम्हाला वाटेल, हे माझे दुःख आहे. नाही. मी तिथेच पडून राहिले असते, तर बरे झाले असते.

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत एका सकाळी भांडाराचे दार उघडले. आत आला ड्रायव्हर मच्छिंद्र. त्याच्या बसची दिव्यांची पाटी रात्रीपासून बंद पडली होती. नुसती काळी काच घेऊन गेले तर लोक बसमध्ये चढत नाहीत आणि वरून बोलणी बसतात. त्याने दोरी सोडली, एकेक पाटी उलटली आणि मी हाती लागले.

"ही बघ, सापडली," तो बाहेर उभ्या असलेल्या कंडक्टरला म्हणाला. तिचे नाव निशा. कंत्राटावर लागून तिला चार महिने झाले होते. तिने ओढणीच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली.

"अक्षर काय छान आहे हो!" ती म्हणाली.

किती वर्षांनी कोणी माझे कौतुक केले! मी खूश झाले, मित्रांनो. काचेच्या आत, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला त्यांनी मला उभे केले. बस आगारातून बाहेर पडली. मला वाटले, आता बंडगार्डनचा पूल येईल. स्टेशनला पोचल्यावर मच्छिंद्र दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलला तेव्हा कळले, की ही बस सिंहगड रस्त्याची आहे. ती वडगाव बुद्रुकला जाणार होती.

खोटे कोणीच बोलत नव्हते. बस वडगावला निघाली होती आणि माझ्यावर वडगावच लिहिले होते.

सकाळचे सव्वाआठ झाले असतील. स्टेशनच्या फाटकातून एक बाई लगबगीने आल्या. पन्नाशीच्या, हिरवे लुगडे, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात बटणांचा फोन. हिंगोलीकडून रात्रभराचा प्रवास करून आल्या होत्या. त्यांचे नाव तुळजाबाई. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी बोट उचलले आणि हवेतच माझे एकेक अक्षर गिरवले.

"व... ड... गा... व."

मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "अपेक्षा, रिक्षा नको गं. वडगावची बस म्होरंच उभी हाय. म्या वाचली पाटी."

पलीकडून मुलगी काहीतरी म्हणाली. तुळजाबाई म्हणाल्या, "हो हो, शेवटच्या स्टॉपला उतरते. सुदर्शनला सांग, माय निघाली म्हणावं." आणि त्या चढल्या.

ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर त्यांना जागा मिळाली. मी काचेशी होते. त्यांचे सगळे बोलणे मला ऐकू येत होते.

निशाने विचारले, "कुठे, मावशी?"

"वडगाव."

"शेवटचा स्टॉप." तिने तिकीट फाडले आणि ती मागच्या गर्दीकडे वळली. दोघींचेही बरोबर होते.

शेजारी एक प्राध्यापक वाटणारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. तुळजाबाईंनी त्यांना विचारले, "दादा, ही वडगावलाच जाते न्हवं?"

"पुढे पाटी आहे. वाचता येत नाही का?"

"येतं की," तुळजाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. "चाळिशीत शिकले. लेकीनं शिकवलं. गावात बसची पाटी वाचून चढणारी मी एकलीच बाई हाय." गृहस्थ पुन्हा वर्तमानपत्रात गेले. मग थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लेकरू दवाखान्यात हाय. वाघोलीच्या गोदामात मालाची मांडणी अंगावर पडली त्याच्या. छातीला लागलंय. माय कुठंय, माय कुठंय, म्हणतोय काल सांजेपासून."

आता गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतले. "अहो, मग काळजी करू नका. वडगाव काही लांब नाही," ते म्हणाले. 'वाघोली' हा शब्द त्यांनी ऐकला होता. वाघोली तर नगर रस्त्याला, तिथे जखमी झालेल्या मुलाला कोणी सिंहगड रस्त्यावर कशाला आणील, असे त्यांच्या मनात आले असते, तर अजून वेळ होता. बस स्वारगेटलाच पोचत होती. पण सकाळच्या घाईत माणसे इतके पुढचे ऐकत नाहीत. ते स्वारगेटला उतरून गेले.

मित्रांनो, मी काय करू शकत होते? एका वळणावर मी काचेवर आपटले. मच्छिंद्रने मला हाताने सरळ केले, की रस्त्यावरच्या लोकांना नीट वाचता यावे.

दांडेकर पूल गेला. सिंहगड रस्त्याला वाहने तुंबली होती. तुळजाबाई दर थांब्याला मान उंचावून बाहेर पाहत. दुकानांवरच्या पाट्या त्या ओठ हलवत वाचत होत्या. एका दुकानाच्या पाटीवर खाली 'वडगाव' असे लिहिलेले दिसले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच फोन लावला.

"अपेक्षा, वडगाव आलं गं! आलेच मी. सुदर्शनला सांग."

शेवटच्या थांब्याला बस रिकामी झाली. सव्वानऊ होऊन गेले होते. तुळजाबाई उतरल्या, इकडे तिकडे पाहिले आणि पुन्हा दाराशी आल्या.

"पोरी, इथं समोरच दवाखाना हाय म्हनली माझी लेक. दिसंना मला."

निशाने हॉस्पिटलचे नाव विचारले. तुळजाबाईंनी पिशवीतला कागद काढून दिला. तो वाचता वाचता निशा एका शब्दावर थांबली.

"मावशी, हे वडगाव शेरीला आहे."

"हो, वडगाव."

"शेरी. हे बुद्रुक आहे. ते... ते पार शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे."

तुळजाबाईंना ते लगेच समजले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. खाली थांबून काचेतून त्यांनी मला पुन्हा वाचले, सावकाश, एकेक अक्षर. मग म्हणाल्या, "वाचण्यात चुकले का मी?"

"नाही हो मावशी," निशा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "तुम्ही बरोबर वाचलंत."

मच्छिंद्र पळत जाऊन रिक्षा घेऊन आला. निशाने रिक्षावाल्याला पत्ता तीन वेळा सांगितला. "शेरी, दादा. वडगाव शेरी. नगर रस्ता." रिक्षा वळली आणि गर्दीत शिरली. त्या वेळी त्या रस्त्याने शहर ओलांडायला किती वेळ लागतो, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

परतीच्या फेरीत निशाने मला उलटे करून ठेवले. प्रत्येक थांब्याला ती दारातून ओरडत होती, "बुद्रुकहून आलेली गाडी आहे!" आता त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढचे मला बारा दिवसांनी कळले. आगारातल्या आताच्या साहेबांच्या टेबलावर मला आणून ठेवले होते, पुरावा म्हणून. समोर एक मुलगी बसली होती. वाघोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तीच अपेक्षा. तिने तक्रारीचा अर्ज दिला होता. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," ते म्हणाले. "पण यात चूक कुठे झाली, ते मला सापडत नाही. पाटीवर वडगाव. बस गेली वडगावला. तिकीट वडगावचं. आपणही फोनवर आईला वडगावच सांगितलंत, असं आपणच लिहिलंय."

"हो," अपेक्षा म्हणाली. "आम्ही तिथं राहणारे सगळे वडगावच म्हणतो. मीही तेच म्हणाले."

"मग?"

तिने माझ्या कापलेल्या कडेवर बोट ठेवले.

"सर, आईचा फोन आला की वडगाव आलं. मी दादाला सांगितलं, आई वडगावला पोचली रे, पाचच मिनिटं. त्याला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, तरी त्यानं दाराकडं तोंड केलं. मग तो दाराकडंच बघत राहिला. सारखं विचारायचा, आली का? मी म्हणायचे, आलीच. रिक्षातून आईचा पुन्हा फोन आला तेव्हा मला कळलं, पण त्याला नाही सांगितलं. एक तास मी त्याला आलीच म्हणत होते. दहा-वीसला तो गेला. दाराकडंच बघत गेला, सर. आई अकराला आली."

साहेबांनी हातातला अर्ज खाली ठेवला.

"आई आता पाटी वाचत नाही," अपेक्षा म्हणाली. "कसलीच. परवा दुकानाचं नाव विचारलं तर म्हणाली, मला येत नाही वाचायला. मीच तिला शिकवलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. पण कागदावर काहीतरी लिहायला हवे होते. त्यांनी लिहिले, की जुन्या पाट्या वापरू नयेत आणि संबंधित कंडक्टरला समज द्यावी. महिन्याभराने निशाचे कंत्राट संपले, ते पुढे वाढवले गेले नाही. साहेबांना विचारायला ती आली होती. "मॅडम, त्याचा याच्याशी संबंध नाही," असे तिला सांगण्यात आले. मच्छिंद्र अजून बस चालवतो. तो भांडाराच्या बाजूला फिरकत नाही.

अपेक्षाने जाण्याआधी एक विनंती केली होती. सगळ्या वडगावांच्या बसवर पूर्ण नाव लिहावे, एवढीच. "अर्ज वर पाठवतो," साहेब म्हणाले. तो कुठवर गेला, मला माहीत नाही.

आणि मी? मला भंगारात टाकले. तिथून आगाराच्या पहारेकऱ्याने मला उचलले. त्याच्या खोपटाच्या पत्र्याला भोक पडले होते. त्यावर मला पालथे घालून वरून दोन विटा ठेवल्या. माझी अक्षरे आता खाली, त्याच्या डोक्यावर आहेत. तो झोपताना ती पाहतो की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, की आम्हाला जपा, रंग द्या, फेकू नका. माझी तशी मागणी नाही. मला आता कोणी रंग दिला तरी मला नको आहे. मला वितळवून टाका. पण नावे कापू नका. गावाचे अर्धे नाव बोलायची सवय तुम्हालाही लागली असेल. मला ठाऊक आहे, ती सगळ्यांनाच लागते. राहणाऱ्याला अर्धे नाव पुरते. ज्याला तुम्ही पत्ता सांगता, तो तिथे राहणारा नसतो. त्याच्या मनात काय घाई आहे, तुम्हाला दिसत नाही. त्याला पूर्ण सांगा. एकच शब्द जास्त लागतो.

आज सकाळीच एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी आले. हातात औषधांची पिशवी होती. त्यांनी पहारेकऱ्याला विचारले, "वडगावची बस कुठली हो?"

"ती काय, समोर उभी आहे. पळा, सुटेल."

ते पळाले. बस सुटली.